काजवालीच्या दोन नव्व्या

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला कोटांच्या कारखान्यातल्या कटिंगच्या खोलीत पोकरचा डाव चालू असताना कटिंग मास्तरांनी समोर बसलेल्या काजवालीची झाकलेली दोन पानं चारचौघांत सांगितली. मास्तर चुकले.

मास्तरांचं चुकणं ही त्या कारखान्यात बातमीच होती. पण खोलीच्या दारात चहाचे पेले घेऊन उभ्या असलेल्या माणसांना लगेच कळलं, की ही चूक पत्त्यांपुरती राहणार नाही. आठ महिन्यांपूर्वी याच खोलीत याच मास्तरांनी काजवालीच्या धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघून 'हाच' असं सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर त्याची नोकरी गेली होती.

झालं होतं ते असं. हिवाळी कोटासाठी मालकीणबाईंनी एक नवी कॉलर काढून घेतली होती. तिचा कागदी नमुना कटिंगच्या खोलीतून बाहेर गेलेला नव्हता; निदान तसं सगळे धरून चालले होते. मग एके दिवशी चौकापलीकडच्या दुकानाच्या काचेत तीच कॉलर दिसली. वळण तेच, टोकाजवळची दुमडही तीच. मालकीणबाई बाहेरची चौकशी लावणार होत्या. मास्तर म्हणाले, कशाला बोभाटा करता, माझ्यावर सोडा; झाकलेले पत्ते कळतात तिथे उघडी तोंडं नाही कळणार? नमुन्याला हात लागू शकेल अशा प्रत्येकाला त्यांनी एकेक करून खोलीत बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. नमुना तू दिलास का? उत्तर ऐकण्यात त्यांना रस नव्हता. ते नुसते बघत होते.

धाकटा तेव्हा त्यांच्याच हाताखाली कटर होता. प्रश्न ऐकून तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याच्या बोटांतला शिंप्याचा खडू मोडला. काही बोलला नाही. कात्री टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. मास्तरांनी मालकीणबाईंना सांगितलं, हाच, दुसरं कोणी नाही. मालकीणबाईंनी विश्वास ठेवला, कारण दर शनिवारी त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या की हा माणूस समोरच्याचं झाकलेलं पान सांगतो.

शिवणकामाच्या धंद्यात बातमीला पाय नसतात, पंख असतात. पुन्हा कुठल्याही कटिंगच्या टेबलाशी धाकट्याला कोणी उभं केलं नाही. आता तो गाद्यांच्या कारखान्यात फोम कापतो. दिवसभर सरळ रेषेत. ज्याच्या कात्रीतून बाहीचा गोल एका दमात निघायचा, त्याला वळण म्हणून कुठे घ्यावं लागत नाही.

त्याची बहीण त्याच कारखान्यात काजं करायची. काज म्हणजे बटणाचं घर; कोटाला ते हाताने करतात, आणि तिचं काज उलट्या बाजूनेही सुलट्यासारखं दिसायचं. सगळे तिला काजवाली म्हणत. भावाला काढलं त्याच्या पुढच्या शनिवारी तिने मालकीणबाईंकडे एक गोष्ट मागितली. पत्त्यांच्या टेबलावर धाकट्याची खुर्ची रिकामी झाली होती. ती तिला हवी होती.

इस्त्रीवाले काका त्या टेबलावरचे सगळ्यांत जुने. त्यांनी तिला जिन्यात गाठून विचारलं, की पोरी, तुला लाज आहे की तीही इस्त्री करून घडी घालून ठेवलीस? घरी भावजय, धाकट्याची बायको, त्याहून वाईट बोलली. म्हणाली, ज्याने तुमच्या भावाचा घास काढला त्याच्यासमोर बसून पत्ते पिसता, उद्या त्याच्या ताटात जेवाल. काजवालीने दोघांनाही ताकास तूर लागू दिली नाही. तिने डूख धरला होता, आणि डूख धरलेलं माणूस फुत्कारत नाही.

तिला मास्तरांची नोकरी घालवायची नव्हती. त्यांना पत्त्यांत हरवण्यातही अर्थ नव्हता, हरतात सगळेच कधी ना कधी. ज्या गोष्टीच्या जोरावर भावाला चोर ठरवलं, ती गोष्ट तिला मोडायची होती. सगळ्यांच्या देखत, आणि त्यांच्याच तोंडाने.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. जेवणानंतर कटिंगच्या लांब टेबलाच्या एका टोकाचं कापड गुंडाळून ठेवायचं आणि खेळायचं, हा रिवाज मालकीणबाईंच्या सासऱ्यांपासूनचा. चौघंच खेळत: मालकीणबाई, मास्तर, इस्त्रीवाले काका आणि चौथ्या खुर्चीत जो असेल तो. पैसे लावायला बंदी होती. पणाला बटणं लागत, तीही नापास झालेली, भोकं तिरकी पडलेली किंवा रंग चुकलेली. पांढरं शर्टाचं बटण हलकं, तपकिरी कोटाचं भारी. पंख्याने पानं उडू नयेत म्हणून प्रत्येक जण आपली दोन पानं बघून झाली की त्यांवर एक लोखंडी वजन ठेवायचा. नमुन्याचा कागद कापडावर सरकू नये म्हणून कटर वापरतात तीच ही वजनं.

खेळ असा, की प्रत्येकाला दोन झाकलेली पानं. मग मध्ये पाच पानं उघडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक वेळी बटणं लावायची, वाढवायची किंवा पानं टाकून बाजूला व्हायचं. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचं जमतं त्याचा ढीग. हे जगभर असंच आहे. या टेबलाचा स्वतःचा नियम एकच होता. शेवटचं पान उघडल्यावर कोणी मोठा पण लावला, तर समोरचा म्हणू शकत असे, 'पानं सांगतो.' दोन्ही बरोबर सांगितली तर स्वतःच्या हातात काहीही असो, ढीग त्याचा. चुकला तर ढिगाएवढी बटणं वर भरायची. हे धाडस मास्तरांशिवाय कोणी करत नसे. तेही क्वचितच करत, पण चुकत नसत. सांगितल्यावर कसं ओळखलं तेही सांगायचे: राणी उघडली तेव्हा तुमची हनुवटी वर गेली, काका; बाई, तुम्ही श्वास धरलात. काका म्हणायचे, माझ्या बायकोला चाळीस वर्षांत माझी हनुवटी कळली नाही, तुम्हाला बरी कळते.

पहिले दोन-तीन महिने काजवाली नुसती हरत होती आणि बघत होती.

समोरच्याची पानं वाचणं म्हणजे ओळखणं नव्हे, कापणं. हे तिला हळूहळू कळत गेलं. सुरुवातीला समोरच्याकडे काहीही असू शकतं, कापडाचं अख्खं ठाणच्या ठाण. मग त्याने पहिल्यांदा बटणं वाढवली, नुसती भरली की टाकून दिली, तेवढ्यावर ठाणाचा मोठा तुकडा बाजूला जातो. मोठी जोडी असती तर हा माणूस आधीच ओरडला असता, गप्प आहे, म्हणजे मोठी जोडी कापून टाका. तीन पानं उघडली, याने टेबलावर नुसती टिचकी मारून पाळी सोडली. आणखी एक तुकडा गेला. चौथ्या पानावर थोडं वाढवलं, आणखी गेला. शेवटी टेबलावर जे उरतं तो कोट. त्यात जादू नाही. माणूस बटणं कशी लावतो याची सवय पाठ हवी, आणि आधी लावलेलं विसरायचं नाही.

मास्तर हेच करत होते, आणि फार चांगलं करत होते. पण त्यांचा स्वतःचा समज वेगळा होता. ते तिला एका दुपारी कळलं. शेवटचा पण तिने लावला तेव्हा मास्तर चष्मा शोधायला कपाटाशी गेले होते, तिच्याकडे पाठ करून. पाठमोरेच म्हणाले, पानं सांगतो, एक्का आणि दश्शी. बरोबर होती. चष्मा घालून परत बसले आणि म्हणाले, चौथ्या पानाला तुझा चेहराच उजळला. चौथ्या पानाच्या वेळी ते खणात हात घालून उभे होते.

पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम दाढ दुखत असल्यासारखं तोंड केलं. मास्तरांना फरक पडला नाही. मग तिने बटणं लावण्याची रीत एकदाच उलटी केली, तेव्हा मास्तरांनी पानं सांगितली नाहीत, आपली टाकून दिली. तिला हवं ते मिळालं. मास्तर खोटं बोलत नव्हते. हिशेब त्यांचा मेंदू करत होता आणि श्रेय ते डोळ्यांना देत होते. पत्त्यांत त्याने काही बिघडत नव्हतं, कारण तिथे बटणं असतात. तिच्या भावाने कुठलंही बटण लावलेलं नव्हतं. तिथे नुसता चेहरा होता.

त्यानंतर तिने मास्तरांना खरं खाऊ घालायला सुरुवात केली. दर शनिवारी, थोडं थोडं. कुठलीही थाप मारली नाही, एकदाही नाही. मोठी जोडी आली की सुरुवातीलाच वाढवायची. बारीक जोडी आली आणि पण जड झाला की टाकून द्यायची, आणि टाकताना दाखवायचीही. एकदा दोन चव्व्या दाखवून म्हणाली होती, एवढ्या चिंधीला एवढं महाग अस्तर परवडत नाही. मधली जोडी आली की मुकाट्याने भरायची, आणि पहिल्या तिनांत तिसरं तसलंच पान उघडलं तर ठरलेली चाल: टिचकी, मग भरणं, चौथ्या पानावर किंचित वाढवणं, शेवटी सगळी तपकिरी बटणं पुढे. मास्तरांनी दोनदा ही चाल वाचून पानं सांगितली. दोन्ही वेळा तिने मान खाली घातली. काका हळहळायचे, पोरी, तुझं तोंड म्हणजे दुकानाची काच आहे, सगळा माल बाहेरून दिसतो. मास्तर हसायचे. म्हणायचे, घराण्याचा गुण आहे तो.

ते वाक्य तिने जपून ठेवलं.

शनिवार तिने निवडला तो मालमोजणीचा. त्या दिवशी मशिनवरच्या बायका, कडा दुमडणारे हेमवाले, पॅकिंगवाले सगळे उशिरापर्यंत थांबतात. दुपारी चहाला कटिंगच्या खोलीच्या दारात गर्दी होते, कारण किटली तिथे असते.

काकांनी पानं वाटली. मास्तर आपल्या बटणांच्या चळती नीट करत होते. पानं उघडायला लागल्याशिवाय ते कोणाकडे बघत नसत, 'मधलं पान उघडतं तेव्हा माणूस उघडतो' असं त्यांचं म्हणणं. काजवालीने आपली दोन पानं उचलली नाहीत. एकावर एक सरळ केली आणि खिशातला खडू काढून टेबलाच्या कापडावरून एक रेघ ओढली; रेघ पानांच्या पाठीवर चढली, पलीकडे उतरली आणि पुन्हा कापडावर आली. दोन तुकडे नंतर जुळवायचे असले की कटर अशीच खूण करतात. खालच्या पानाच्या कडेवरूनही कापडापर्यंत एक रेघ मारली. मग वजन ठेवलं. काका म्हणाले, पत्ते कशाला रंगवतेस, बाई ओरडतील. ती म्हणाली, हात शिवशिवतात, काका. मास्तरांनी चळत पुरी केली आणि वर बघितलं.

मास्तरांनी सुरुवातीलाच जड पण लावला. मालकीणबाईंनी आणि काकांनी पानं टाकली. काजवालीने मुकाट्याने भरलं. मध्ये तीन पानं उघडली: राजा, नव्वी, चव्वी. तिने टिचकी मारली. मास्तरांनी लावलं. तिने भरलं. चौथी दुर्री आली. मास्तरांनी पुन्हा लावलं, तिने किंचित वाढवलं. मास्तरांनी भरलं आणि तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिले. शेवटची दश्शी. तिने ओंजळभर तपकिरी बटणं पुढे सारली.

तपशील मागाहून सगळ्यांनी जुळवला. मास्तरांकडे एक्का आणि राजा होता, म्हणजे राजाची जोडी. चांगलं पान. पण त्यांनी जे कापलं ते बरोबर कापलं. दोन राजे असते तर तिने सुरुवातीलाच वाढवलं असतं. दोन चव्व्या असत्या तर तो जड पण बघून टाकल्या असत्या. बाकीच्या कशावरही ती अशी चालत नाही. टेबलावर एकच कोट उरत होता.

"पानं सांगतो," मास्तर म्हणाले. "नव्वी. आणि नव्वी."

दारातले लोक आत सरकले. मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि नेहमीप्रमाणे सांगू लागले. तीन पानं उघडली तेव्हा सगळे राजाकडे बघतात, ही बघत नव्हती. नव्वीवर हिची पापणी लवली. मग दुर्री आली तेव्हा ओठ दाबले, आनंद दाबतात तसे. आणि शेवटी बटणं सारताना गळ्यापाशी लाली चढली. या घरातल्या माणसांना लाली लपवता येत नाही.

काजवालीने विचारलं, "मास्तर, हे सगळं माझ्या तोंडावर दिसलं?"

"मी अंदाज सांगत नाही."

"मग काका, तुम्ही उघडा. मी हात लावत नाही. पण वजन उचलायच्या आधी रेघ बघा."

काकांनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. रेघ कापडावरून पानांवर आणि पानांवरून कापडावर सलग गेली होती. त्यांनी वजन बाजूला केलं, वरचं पान जरा सरकवून खालच्याची कड बघितली आणि मग तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "हिने पानं बघितलीच नाहीत. वाटल्यावर उचलली नाहीत, मी समजलो विसरली." मालकीणबाई उठून आल्या. त्यांनी स्वतः रेघेवर बोट धरलं. आयुष्य कापडावर गेलेल्या बाईला जुळलेली खूण कळते.

काकांनी पानं उलटली. गुलाम आणि छक्की. रंगही वेगळे. कशाशी काही जुळत नाही.

काजवाली शांतपणे, पण दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या तोंडावर दोन नव्व्या होत्या. मला ठाऊक नसलेल्या. माझ्या भावाच्या तोंडावर चोरी होती."

मास्तर म्हणाले, पत्ते न बघता खेळणं हा खेळच नव्हे, लबाडी आहे. मालकीणबाईंनी विचारलं, असा नियम कुठे आहे? मास्तर म्हणाले, नियम नसला तरी कोणी असं करत नाही. काका खाली बघून पुटपुटले, की हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात दुसऱ्याचा होता. यावर दारात कोणीतरी खोकलं.

मग मालकीणबाईंनी मास्तरांना तो प्रश्न विचारला, जो त्यांनी आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता.

"त्या दिवशी तुम्ही त्याच्या तोंडाशिवाय दुसरं काय बघितलं होतं?"

"खडू मोडला त्याच्या हातात."

"आणखी?"

"लाल झाला. बोलला नाही."

"आणखी काही, मास्तर?"

"नाही," मास्तर म्हणाले. आणि मग, "पण तिथे मी चुकलो नव्हतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मालकीणबाईंचा चेहरा कसा झाला हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी काय केलं ते सांगता येतं. त्यांनी मास्तरांची बटणं हाताने लोटून काजवालीपुढे सरकवली आणि तिला विचारलं, की तुला काय हवं? काजवालीने बटणांकडे बघितलंही नाही. तिचं उत्तर तयार होतं. सोमवारी सकाळी नऊला, मशिनं चालू व्हायच्या आधी, सगळ्यांना खाली उभं करा. धाकटा येईल. मास्तरांनी त्याच्यासमोर, मोठ्याने, मी चुकलो असं म्हणायचं. मग त्याला त्याचं टेबल द्यायचं. मालकीणबाई म्हणाल्या, ठीक आहे. मास्तरांना कोणी विचारलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा धाकटा खिडकीशी बसून बुटाची नाडी ओवत होता. तिने सगळं सांगितलं, रेघेपासून गुलामापर्यंत. भावजय स्वयंपाकघरातून हात पुसत आली, ऐकता ऐकता खाली बसली आणि म्हणाली, ताई, मी काय काय बोलले तुम्हाला. मग उठून तिने चहा टाकला. मास्तर खुर्चीत कसे आकसले ते तिने दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तिचे दात दिसत होते.

धाकट्याने नाडी पुरी ओवली. "तू खरंच पानं बघितली नव्हतीस?"

"नाही."

"मग तुझ्याकडे काय आहे हे तुलाही ठाऊक नव्हतं."

"नव्हतं."

त्याने बूट खाली ठेवला. "मी सोमवारी येणार नाही."

भावजयीचा हात किटलीवरच थांबला. काजवालीला आधी वाटलं, की अभिमान आहे, चार वेळा म्हणवून घ्यायचं आहे. तिने समजावलं. मास्तर सगळ्यांसमोर उभे राहणार आहेत, हे तुला बघायला मिळणार आहे, याच्यासाठी मी आठ महिने त्या माणसाच्या तोंडासमोर बसले. तो म्हणाला, फोमच्या कारखान्यात बरं चाललंय. बरं चाललं नव्हतं. फोमच्या भुग्याने त्याला रात्री खोकला यायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा तिने विचारलं.

"नमुना तू दिलास का?"

हे शब्द मास्तरांचे होते, ते तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. धाकटा लाल झाला. कानापर्यंत. तो लहानपणापासूनच व्हायचा, कोणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी.

"आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस, ताई," तो म्हणाला. "आता का विचारतेस?"

"आता सांग."

"तुला काय वाटतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने स्वतः त्याला लहानाचा मोठा केला होता. तो खोटं बोलताना डोळे मिचकावतो, हे ती शपथेवर सांगू शकली असती, अगदी त्या दिवशी दुपारी साडेतीन वाजेपर्यंत. तो डोळे मिचकावत नव्हता. तिला त्यातून काही काढता येईना. भावजय म्हणाली, अहो, नाही म्हणा की एकदा, एका शब्दाचं काम आहे. तो उठला, बूट घातले आणि चहा न घेता बाहेर गेला.

रविवारी तो घरी होता. त्याने दाराची कडी बसवली, खुर्चीचा डुगडुगणारा पाय घट्ट केला, आपल्या मुलीच्या शाळेच्या वहीला कव्हर घालून दिलं. भावजयीने रात्री काजवालीला गाठून हलक्या आवाजात सांगितलं, की आता मागे फिरू नका. त्यांनी दिला असो, नसो. त्या माणसाने बघून ठरवलं, हे तर खरं ना? मग त्याला वाकवाच. काजवाली म्हणाली, तो तर वाकणारच आहे.

सोमवारी ती उठली तेव्हा धाकटा घरातून निघून गेला होता. डबा नेला होता. फोमच्या कारखान्याची पाळी आठला सुरू होते. दोन्ही कारखान्यांकडे जाणारे रस्ते घराजवळच्या एकाच वळणावरून फुटतात. कुठे जातो हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. तिचा फोन उचलला नाही.

नऊ वाजता खालच्या मजल्यावर मशिनांच्या रांगांमध्ये सगळे उभे होते. मालकीणबाईंनी मुख्य बटण बंदच ठेवलं होतं, त्यामुळे पंखेही बंद होते आणि कोणी पाय बदलला तरी ऐकू येत होतं. मास्तर जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. टेप गळ्यात नव्हती. टेपशिवाय त्यांना पाहिल्याचं पॅकिंगवाल्यांना आठवत नव्हतं. ओठ हलत होते. बोलायचं ते मनात म्हणून बघत असावेत, किंवा नसावेत.

सव्वानऊला मालकीणबाईंनी विचारलं, कुठे आहे तो?

"निघालाय," काजवाली म्हणाली. "येतोच आहे."

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं. मास्तरांनी मात्र तिच्याकडे पुरं बघून घेतलं, सवयीने, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तिने तोंड वळवलं नाही. मास्तरांनी नजर खाली घेतली.

थोड्या वेळाने ते मालकीणबाईंना हळूच म्हणाले, की गुडघा धरलाय, तो येईपर्यंत जरा बसू का. मालकीणबाई काही बोलायच्या आत काजवाली म्हणाली, "उभे राहा."

मास्तर उभे राहिले. पावणेदहाला मशिनं बंदच होती, आणि रस्त्याकडचं दार उघडं होतं.